रॉबर्ट कॉलेज, इस्तंबूल: पावाच्या भट्टीवर उभी राहिलेली मिशनरी शाळा

विचारलं होतं ते असं: परदेशात जाऊन प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी ज्या शाळा काढल्या त्या नुसत्या धर्मांतरासाठीच होत्या का, आणि अशा एखाद्या शाळेचा पहिल्यापासूनचा इतिहास कुणी सांगेल का. मी शिक्षणाचा इतिहास शिकवतो, मिशन शाळांचे जुने रिपोर्ट, पत्रं, फीची रजिस्टरं वाचण्यातच नोकरीचा बराच काळ गेला, त्यामुळे जरा लांब लिहितोय.

थोडक्यात माझं मत असं की मिशन शाळा म्हणजे एकाच माणसाची इच्छा कधीच नसते. पैसे पाठवणाऱ्या मंडळाला हवं असतं चर्च, शिकवणाऱ्या मास्तरला हवी असते चांगली शाळा, आणि आईबापांना हवं असतं पोराला पोटापाण्याला लावणारं शिक्षण. या तिघांची ओढाताण म्हणजेच त्या शाळेचा इतिहास, आणि बहुतेक ठिकाणी शेवटी आईबापांचंच खरं होतं. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते इस्तंबूलच्या रॉबर्ट कॉलेजमध्ये, म्हणून तेच उदाहरण घेतो. शिवाय त्याच्या जन्माच्या भांडणाचा एक धागा थेट आपल्या अहमदनगरपर्यंत (आजचं अहिल्यानगर) येतो, तोही सांगतो.

सायरस हॅमलिन हा मूळचा अमेरिकेतल्या मेन राज्यातला, १८११चा जन्म, शेतकरी घरातला, पोरवयात पोर्टलंडला चांदीच्या कारागिराकडे उमेदवारी केलेला. कॉलेजात असताना यानं स्वतःच्या हातानं वाफेचं इंजिन बनवलं होतं. मग पाद्री झाला आणि बॉस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी मंडळानं त्याला १८३९मध्ये ऑटोमन (तुर्की) साम्राज्याच्या राजधानीत, म्हणजे इस्तंबूलला पाठवलं. हे तेच अमेरिकन बोर्ड ज्यांची माणसं १८१३मध्ये मुंबईत उतरली होती आणि पुढे नगरला गेली, ज्याला आपण अमेरिकन मराठी मिशन म्हणतो. १८४० साली हॅमलिननं इस्तंबूलच्या बॉस्फरस सामुद्रधुनीच्या काठावर बेबेक नावाच्या गावात एक सेमिनरी, म्हणजे पाद्री आणि शिक्षक तयार करायची शाळा, सुरू केली, पोरं जवळपास सगळी आर्मेनियन.

आर्मेनियनच का, तर मुसलमानांत काम करणं शक्यच नव्हतं, इस्लाम सोडणाऱ्याला देहदंडाची शिक्षा होती आणि १८४४मध्ये इंग्रजांनी दबाव आणला तेव्हा कुठे सुलताननं ती अमलात न आणण्याचं कबूल केलं. त्यामुळे मिशनरी वळले ते तिथल्या जुन्या ख्रिश्चन समाजांकडे, म्हणजे ख्रिश्चनांनाच पुन्हा वेगळ्या पद्धतीचे ख्रिश्चन करायला, आणि साहजिकच त्या समाजांचे धर्मगुरू भडकले. १८४६मध्ये आर्मेनियन पॅट्रिआर्कनं, म्हणजे त्यांच्या मुख्य धर्मगुरूनं, प्रोटेस्टंट झालेल्यांना सरळ वाळीत टाकलं. त्या काळच्या इस्तंबूलमध्ये वाळीत म्हणजे काय हे नीट समजून घ्या, धंदा करायचा परवाना, राहायचं भाडं, लग्न, दफन, सगळं आपापल्या धर्मसमाजामार्फत चालायचं, त्यातून नाव कटलं की माणूस रस्त्यावर. सेमिनरीतली पोरं अक्षरशः फाटक्या कपड्यात यायला लागली.

इथे हॅमलिनमधला कारागीर कामाला आला. पोरांना फुकट कपडे वाटले तर ती कायमची मिंधी होतील असं त्याचं ठाम मत होतं, म्हणून त्यानं सेमिनरीच्या तळघरात वर्कशॉप काढलं, पत्र्याच्या शेगड्या, धुराड्याचे पाइप, उंदराचे सापळे असलं काहीबाही पोरं बनवायला लागली आणि विकून स्वतःचे कपडे स्वतः घ्यायला लागली. बरोबरच्या काही मिशनऱ्यांना हे पसंत नव्हतं, पाद्रीबाबानं हातोडा घेऊन बसावं हे त्यांना धर्मकार्य वाटेना. पण हॅमलिन थांबला नाही, त्यानं पुढे पिठाची वाफेवर चालणारी गिरणी आणि पावाची भट्टीसुद्धा उभारली, वाळीत पडलेल्या माणसांना रोजगार मिळावा म्हणून. परदेशी लोकांना आपली गिरणी आणि भट्टी ठेवायची जुनी सवलत होती, ती त्यानं शोधून काढून वापरली.

आणि मग क्रिमियन युद्ध आलं, रशियाविरुद्ध तुर्कस्तान, इंग्लंड आणि फ्रान्स. बॉस्फरसच्या पलीकडे स्कुतारीला, म्हणजे आजच्या उस्कुदारला, इंग्रजांचं लष्करी इस्पितळ उभं राहिलं, तेच जिथे फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. तिथल्या जखमींना खाण्यालायक पाव मिळेना, तो हॅमलिनच्या भट्टीतून जायला लागला. पुढे कपड्यांचा प्रश्न निघाला. जखमी सैनिकांचे कपडे रक्तानं, घाणीनं माखलेले, उवांनी भरलेले, धुवायला बायका बोलावल्या तर एकीनंही हात लावायला नकार दिला आणि कपड्यांचे ढीग तसेच कुजत पडले. हॅमलिननं इस्पितळातली बिअरची रिकामी पिंपं घेतली आणि त्यातून हातानं चालवायची धुलाई मशिनं बनवली, कपडे आत टाकायचे, कडक पाणी आणि साबण घालायचा, दांडा फिरवायचा, कपड्याला हात लावायची वेळच येत नाही. तेव्हा बायका कामाला तयार झाल्या आणि धोबीखाना चालू झाला. या भट्टीतून आणि धोबीखान्यातून जो नफा झाला तो त्यानं स्वतःकडे न ठेवता छोटी चर्चं आणि त्यांना जोडलेल्या शाळा बांधायला दिला. मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे तो इथे, याच्या सगळ्या शिक्षणविचाराच्या मुळाशी हे आहे की माणूस आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे.

आता नगरचा धागा. बोर्डाचे बॉस्टनमधले मुख्य सेक्रेटरी होते रूफस अँडरसन. त्यांचं धोरण असं की मिशनचं काम स्थानिक चर्च उभं करणं, जे स्वतःचा कारभार स्वतः बघेल, स्वतःचा खर्च स्वतः काढेल आणि स्वतः प्रसार करेल, आणि शाळा लागते ती तेवढ्यापुरतीच, तीही लोकांच्या भाषेत. इंग्रजी शिकवलीत की पोरं सरकारी नाहीतर व्यापाऱ्याच्या नोकरीत पळतात, गावात पाद्री म्हणून कोण जाणार? १८५४-५५मध्ये अँडरसन स्वतः पाहणीला निघाले, मुंबई-नगरला आले, मद्रासकडे गेले, सिलोनला गेले, आणि जाताजाता इंग्रजी शिक्षणावर काट मारत गेले. जाफन्याची बट्टिकोटा सेमिनरी, जिच्यातून निघालेली तमिळ पोरं मद्रास इलाख्यापर्यंत मोठमोठ्या हुद्द्यांवर गेली होती, ती १८५५मध्ये बंद झाली. मराठी मिशनमध्येही इंग्रजीला फाटा देऊन मराठीतून खेड्यांतले शिक्षक आणि प्रचारक तयार करण्यावर जोर आला.

हे वाचून अँडरसन म्हणजे खलनायक असं बऱ्याच जणांना वाटतं, मला नाही वाटत. मातृभाषेतून शिकवा हे म्हणणारा माणूस चूक कसा म्हणायचा? नगरच्या सिंथिया फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा मराठीतूनच चालायच्या आणि जोतीराव फुल्यांनी त्या बघितल्या, त्यावरून आपण पुण्यात मुलींची शाळा काढायचं ठरवलं हे त्यांनी स्वतः सांगून ठेवलंय. म्हणजे मराठी माध्यमाच्या मिशन शाळेनं काय होऊ शकतं याचा पुरावा आपल्याच घरात आहे. अँडरसनचं चुकलं ते वेगळीकडे. मातृभाषा त्याला पोराच्या भल्यासाठी हवी नव्हती, पोरानं गावातच, चर्चच्याच कामात राहावं यासाठी हवी होती. पोराला किंवा त्याच्या बापाला काय हवंय हे विचारलंच गेलं नाही.

बेबेकच्या सेमिनरीलाही हाच हुकूम आला, इंग्रजी बंद करा, वरचे विषय कमी करा. हॅमलिननं ऐकलं नाही. त्याचं म्हणणं, जेझुइटांच्या (कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ) शाळा शहरात उत्तम फ्रेंच शिकवतायत, हुशार पोरं तिकडे जातील आणि आपल्याकडे उरेल तो गाळ. वाद चालत राहिला आणि शेवटी १८६०मध्ये हॅमलिननं बोर्डाचा राजीनामा दिला. सेमिनरी पुढे आत अनातोलियात मर्झिफोनला हलवली गेली, तिच्यातून तिथलं अनातोलिया कॉलेज निघालं आणि ते १९२४पासून ग्रीसमध्ये थेसालोनिकीला आहे, तो वेगळा आणि फार दुःखद इतिहास आहे, इथे त्यात शिरत नाही.

राजीनामा देताना हॅमलिनच्या हातात एक माणूस होता, न्यूयॉर्कचा व्यापारी ख्रिस्तोफर रॉबर्ट. हा १८५६मध्ये इस्तंबूलला आला होता, तेव्हा बॉस्फरसमध्ये ताज्या पावांनी भरलेली होडी चाललेली त्याला दिसली, वास घरच्यासारखा, म्हणून चौकशी केली की हा पाव कुणाचा, आणि त्यातून हॅमलिनशी ओळख झाली. पुढे रॉबर्टनंच विचारलं की इथे एक खरंखुरं कॉलेज काढू या का. कुठल्याही पंथाच्या, कुठल्याही वंशाच्या पोराला खुलं, बोर्डापासून स्वतंत्र, विश्वस्त न्यूयॉर्कमध्ये. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध पेटलेलं, इतर कुणी पैसे द्यायला तयार नाही, सुरुवातीचा सगळा भार जवळपास एकट्या रॉबर्टवर. १६ सप्टेंबर १८६३ला बेबेकमधल्या त्या जुन्या सेमिनरीच्याच इमारतीत कॉलेज सुरू झालं, विद्यार्थी ४. पुढल्या वर्षी न्यूयॉर्क राज्याची सनद मिळाली.

आणि हे मुद्दाम लक्षात ठेवा, फी होती. फुकट शाळा नव्हती. ज्या क्षणी आईबाप फी भरतात त्या क्षणी शाळेवर त्यांचा हक्क सुरू होतो, मास्तरला त्यांचं ऐकावं लागतं. इंग्रजी माध्यम ठेवण्यालाही साधं व्यावहारिक कारण होतं, वर्गात ग्रीक, आर्मेनियन, बल्गेरियन, इंग्रज पोरं शेजारीशेजारी, त्यातल्या कुणाचीही एक भाषा निवडली असती तर बाकीचे उठून गेले असते. बायबल वाचन आणि प्रार्थना होत्या, त्या सक्तीच्याच होत्या, हे लपवायचं कारण नाही. पण ऑर्थोडॉक्स पोराला प्रोटेस्टंट करून सोडायचं हा हेतू मागे पडत गेला.

जागेची गोष्ट तर मोठीच आहे. रुमेली हिसारचा किल्ला, जो १४५२मध्ये सुलतान दुसऱ्या मेहमेदनं इस्तंबूल घ्यायच्या आदल्या वर्षी बांधला, त्याच्या वरच्या उतारावर हॅमलिनला जागा आवडली. मालक अहमद वेफिक, मोठे विद्वान, पॅरिसला ऑटोमन राजदूत राहिलेले. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग पैशांची अडचण आली तेव्हा विकली. आता बांधकामाचा परवाना हवा, तर तो काही केल्या मिळेना, आज-उद्या करत वर्षांवर वर्षं गेली. कॅथलिकांचा विरोध, रशियाचा विरोध, आणि सुलतानच्या दरबारालाही किल्ल्याच्या डोक्यावर परक्यांची इमारत नकोच होती.

मग १८६८मध्ये अमेरिकन नौदलाचे ॲडमिरल फॅरागट बंदरात आले. हॅमलिन सांगतो त्याप्रमाणे त्यांनी मेजवान्यांमध्ये वजीरांना एवढंच विचारलं की या अमेरिकन कॉलेजला परवानगी का मिळत नाही? तेव्हा क्रीट बेटावर ग्रीकांचं बंड चालू होतं, अमेरिका बंडखोरांना युद्धनौका तर देणार नाही ना अशी धास्ती दरबाराला होती, त्यांनी त्या साध्या प्रश्नाचा अर्थ भलताच मोठा लावला आणि सुलतानचा हुकूम निघाला. मी विद्यार्थ्यांना हा प्रसंग नेहमी सांगतो कारण तिथे मिशनरी शाळा आणि परकी सत्ता यांचं नातं दिसतं. हॅमलिन सत्तेचा माणूस नव्हता, पण त्याच्या मागे उभी असलेली लढाऊ जहाजं दरबाराला दिसत होती, त्याला ती नको असती तरी दिसलीच असती. ४ जुलै १८६९ला कोनशिला बसली, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला, हा मुहूर्त काही योगायोगानं निवडला नव्हता. नकाशा हॅमलिनचा, दगड तिथल्याच डोंगराचा, गवंड्यांच्या डोक्यावर उभा राहून त्यानं ती इमारत करून घेतली आणि १८७१मध्ये कॉलेज तिथे राहायला गेलं. ती आजही उभी आहे, हॅमलिन हॉल. अहमद वेफिक वारल्यावर सुलतान अब्दुल हमीदनं त्यांना मुद्दाम तिथेच रुमेली हिसारला पुरायला लावलं, त्या कॉलेजची घंटा त्यांना कायम ऐकू यावी म्हणून, अशी आख्यायिका तिथे सांगतात.

हॅमलिनचं पुढे चांगलं झालं नाही. १८७३मध्ये निधी गोळा करायला अमेरिकेला पाठवलं, मग रॉबर्टशी मतभेद वाढले आणि त्याला परत बोलावलंच नाही. ज्या माणसानं दगड दगड रचला त्याला स्वतःच्या कॉलेजात जागा उरली नाही. वाईट वाटतं. कॉलेज चालवलं ते त्याचा जावई जॉर्ज वॉशबर्न यानं, १९०३पर्यंत.

सुरुवातीच्या दोन दशकांत सगळ्यात जास्त फायदा घेतला तो बल्गेरियन पोरांनी. त्यांचा देश तेव्हा ऑटोमन राजवटीखाली, स्वतःची उच्च शिक्षणाची सोय नाही, आणि या कॉलेजात त्यांची भाषा, त्यांचं साहित्य शिकवलं जायचं. १८७६मध्ये बल्गेरियात उठाव झाला, तो अमानुष रीतीनं चिरडला गेला, तेव्हा पोरांच्या घरून येणाऱ्या पत्रांतून वॉशबर्न आणि प्राध्यापक अल्बर्ट लाँग यांना कत्तलींची बातमी कळली. त्यांनी ती इस्तंबूलमधले वकील आणि बातमीदार एडविन पिअर्स यांच्याकडे दिली, पिअर्सचं पत्र लंडनच्या डेली न्यूजमध्ये छापून आलं आणि इंग्लंडात गदारोळ उठला. दोन वर्षांत बल्गेरियाला स्वायत्तता मिळाली, नव्या राज्याची घटना लिहायला जी सभा बसली तिच्यात या कॉलेजची पोरं होती, त्यातला कॉन्स्टान्टिन स्टोइलोव्ह पुढे पंतप्रधान झाला. मिशनऱ्यांनी काढलेल्या कॉलेजातून चर्च निघालं नाही, एका राष्ट्राचे कारभारी निघाले. हे कुणीच ठरवलेलं नव्हतं.

मुसलमान विद्यार्थी मात्र फार उशिरा. अब्दुल हमीदच्या काळात मुस्लिम घरच्या मुलांनी परदेशी शाळेत जाणं धोक्याचं होतं, पहिला तुर्की मुसलमान पदवीधर निघाला १९०३मध्ये, म्हणजे ४० वर्षांनी. १८९६पासून तिथे तुर्की शिकवायला होता तो मोठा कवी तेव्हफिक फिक्रेत, त्यानं कॉलेजच्या शेजारीच उतारावर घर बांधलं आणि १९१५मध्ये वारेपर्यंत तो तिथेच शिकवत राहिला.

मुलींची शाळा वेगळी, ती १८७१मध्ये निघाली आणि नंतर बरीच वर्षं उस्कुदारला होती. हालिदे एदिब तिथे शिकली. वडील राजवाड्यात नोकरीला, मुलगी अमेरिकन शाळेत जाते हे कळल्यावर सुलतानचा हुकूम आला आणि तिला घरी बसवावं लागलं. काही वर्षांनी ती परत गेली आणि १९०१मध्ये पदवी घेणारी तिथली पहिली मुस्लिम मुलगी ठरली. मोठी कादंबरीकार झाली, तुर्की स्वातंत्र्ययुद्धात उतरली, आणि १९३५मध्ये दिल्लीला जामिया मिल्लियात व्याख्यानं द्यायला आली होती, काँग्रेसचे नेते डॉ. अन्सारी यांच्या बोलावण्यावरून.

पहिल्या महायुद्धात कॉलेज चालू राहिलं कारण अमेरिका आणि ऑटोमन साम्राज्य यांनी एकमेकांविरुद्ध युद्ध पुकारलंच नाही. पण १९१५मध्ये आर्मेनियन समाजाची जी कत्तल आणि हद्दपारी झाली त्यानंतर अनातोलियातल्या मिशन शाळांचा पायाच गेला, ज्यांच्यासाठी त्या काढल्या ती माणसंच राहिली नाहीत. पुढे प्रजासत्ताक आलं आणि ३ मार्च १९२४च्या कायद्यानं सगळं शिक्षण एका मंत्रालयाखाली आणलं. वर्गातली धर्मचिन्हं काढा, धर्मशिक्षण बंद करा, तुर्की भाषा-इतिहास-भूगोल तुर्की शिक्षकांनीच शिकवायचा. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना टाळं लागलं. १९२८मध्ये बुर्साच्या अमेरिकन मुलींच्या शाळेत काही मुली ख्रिश्चन झाल्याची बातमी फुटली, ती शाळा सरकारनं बंद केली. रॉबर्ट कॉलेजनं नियम मान्य केले आणि टिकलं. धर्म बाहेर गेला, इंग्रजी आत राहिली. आईबापांची रांग वाढतच गेली, आता मुसलमान घरांचीच.

ब्युलंत एजेवित १९४४मध्ये तिथून बाहेर पडले, पुढे तुर्कस्तानचे पंतप्रधान झाले आणि त्यांनीच रवींद्रनाथांच्या कविता तुर्कीत आणल्या. नोबेल मिळवलेले कादंबरीकार ओरहान पामुकही तिथलेच, १९७०चे. १९७१मध्ये खर्च झेपेना तेव्हा वरचं कॉलेज जमीन-इमारतींसकट तुर्की सरकारला देऊन टाकलं, त्याचं बोआझिची विद्यापीठ झालं. शाळेचा भाग अर्नावुतकोयला मुलींच्या कॉलेजच्या आवारात गेला, दोन्ही एक झाले आणि रॉबर्ट कॉलेज हे नाव तिथे चालू आहे, प्रवेश सरकारी परीक्षेच्या गुणांवर.

आता मूळ प्रश्नाकडे, धर्मांतर. बोर्डाचा हेतू तोच होता आणि त्यांनी तो कधी लपवला नाही, त्यामुळे "छुपा अजेंडा" वगैरे म्हणणं इतिहासाला धरून नाही. पण हेतूवरून शाळेचा निकाल लावू नका. तुमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या मिशन शाळेचा इतिहास लिहायचा असेल तर मंडळाच्या मासिकात छापलेल्या पत्रांवर फार विसंबू नका, ती अमेरिकेतल्या नाहीतर स्कॉटलंडातल्या देणगीदारांनी वाचावी म्हणून लिहिलेली असतात, त्यात प्रत्येक पोरगं धर्माच्या उंबरठ्यावर उभं असतं. त्याऐवजी दाखल-खारीज रजिस्टर मागा, बापाचा धंदा आणि जातीचा रकाना बघा. फी कुणी भरली, कुणाला माफ झाली ते बघा. वेळापत्रकात बायबलला किती तास आणि इंग्रजी-गणिताला किती, आणि ते दर दहा वर्षांनी कसं बदललं ते मांडा. सोडून गेलेल्या पोरांनी कुठे नोकरी धरली हे मिळालं तर सोन्याहून पिवळं. आणि मास्तरांची मंडळाशी झालेली भांडणं शोधा, राजीनाम्याची पत्रं शोधा, ती बहुतेक वेळा छापलेली नसतात, हस्तलिखित फायलीत असतात, शाळेच्या ऑफिसात नाही मिळाली तर त्या त्या मिशनच्या मुख्य कचेरीला लिहून विचारा.